संच आला, शिकवणार कोण?



या पानावर एरवी तुम्ही बोंडअळी, पाचट, बीजप्रक्रिया असे विषय वाचता. आज विषय शाळेचा आहे. कृषी पदविका घेतलेल्या माणसाने शाळेत कशाला डोकावावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. शिवारात आम्ही विस्तारवाले जी चूक वारंवार करतो, तीच मी माझ्या गावच्या शाळेत केली. पैसा गावाचा गेला आणि वर्षे पोरांची गेली. म्हणून हा कबुलीजबाब, आणि त्यातून जे उमगले ते तुमच्यापुढे ठेवतो.

ठिबक तुम्हाला नवे नाही. अनुदान मिळते, नळ्या अंथरल्या जातात, मोजणी होते, फोटो निघतो. पण विहिरीच्या पाण्यात क्षार किती, वाळूची गाळणी उलट्या पाण्याने कधी धुवायची, नळ्यांची टोके सोडून गाळ कधी काढायचा, आम्ल प्रक्रिया कशी करायची, हे कुणी शेजारी उभे राहून दाखवले नाही तर दुसऱ्या वर्षी ड्रिपर तुंबतात. तिसऱ्या वर्षी नळ्यांचे वेटोळे बांधावर पडलेले असते आणि शेतकरी पुन्हा पाटाने पाणी देऊ लागतो. वर म्हणतो, "ठिबक काही आपल्या रानाला मानवत नाही." आता यात ठिबकचा काय दोष? संच दिला, शिकवणे राहिले, हा खरा दोष.

शाळेतही अगदी हेच झाले.

कुलूपबंद खोली

२०१८ ची गोष्ट. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी तेव्हा थेट ग्रामपंचायतीकडे येत होता. गावोगाव 'डिजिटल शाळा' हा शब्द ऐकू येत होता. आमच्या ग्रामसभेत मीच उभा राहून बोललो, की शहरातली पोरं पडद्यावर शिकतात, मग आपली का नको? खात्यातला माणूस, गावचाच पोरगा, म्हणून माझा शब्द लोकांनी मानला. काही निधी, काही लोकवर्गणी. मोठा टीव्ही आला, संगणक आला, प्रोजेक्टर आला, इन्व्हर्टर आला. नारळ फुटला, फोटो छापून आला. शाळा दोनशिक्षकी, चौथीपर्यंतची.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमचे तीन महिने टिकले. दिवाळीनंतर संच अधूनमधून सुरू व्हायचा, पुढे पाहुणे आले की सुरू व्हायचा, आणि मग तेही थांबले. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद पाडल्या खऱ्या, पण आमच्या खोलीला कुलूप त्याच्या वर्षभर आधीच लागले होते.

२०२२ च्या जूनमध्ये माझी मुलगी पहिलीत गेली आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आलो. ती खोली उघडून पाहिली. इन्व्हर्टरची बॅटरी फुगलेली, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, टीव्हीवर चादर, चादरीवर बोटभर धूळ. कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली. बैठकीत मी जरा आवाज चढवूनच विचारले, "गावाने एवढा खर्च केला, तो वापरात का नाही?"

बदलीवर नव्याने आलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शेतकऱ्याला फवारणीचं सांगता तेव्हा एक पंप तरी त्याच्यासमोर मारून दाखवता ना? आधीच्या गुरुजींना मी विचारलं. संच बसवायला आलेल्या माणसाने बटणं दाखवली, सही घेतली अन् गेला. तिसरीच्या पोराला हातच्याची वजाबाकी या यंत्राने कशी शिकवायची, ते कुणी कधी दाखवलं?"

मी गप्प बसलो. कारण या प्रश्नाला उत्तर नव्हते. ग्रामसभेत मी यंत्राची किंमत विचारली होती, हमी किती वर्षांची ते विचारले होते. शिकवणाऱ्या माणसाबद्दल एक अक्षर विचारले नव्हते.

मंडळी, ही गोष्ट एकट्या आमच्या गावची नाही आणि एकट्या आपल्या देशाचीही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने गरीब, खेड्यापाड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटण्याची मोठी मोहीम काढली. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास होऊन २०१२ मध्ये निष्कर्ष आले. मुलांच्या हाती लॅपटॉप आले होते, पण भाषा आणि गणितात फरक दिसला नाही. युनेस्कोने २०२३ च्या शिक्षण अहवालात पेरूचा दाखला पुन्हा दिला, आणि म्हटले की शिकवण्याच्या पद्धतीत न मिसळता यंत्र नुसते वाटले तर शिकणे सुधारत नाही. यंत्राने शाळा पुढे जात नाही, यंत्र हाती घेऊन पुढे चालणारा शिक्षक लागतो.

परितेवाडीत आधी अडचण, मग यंत्र

असा शिक्षक कसा असतो, याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत पडकी, एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली. मुलींची शाळेतली हजेरी कमी, लग्ने लवकर. त्यातून वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या घरची भाषा कन्नड, पुस्तक मात्र मराठी.

आता नीट लक्ष द्या. तिथे 'कोणते यंत्र आणू' हा पहिला प्रश्न नव्हता. पोरींना पुस्तक समजत नाही, ही अडचण होती. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले. मग पाठ्यपुस्तके मुलींच्या भाषेत आणली. त्यानंतर त्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले. तोच चौकोन, जो आता किराणा दुकानात पैसे देताना तुम्ही मोबाइलने टिपता. तो टिपला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे, गोष्ट किंवा गृहपाठ मिळे. म्हणजे घरी शिकवायला कुणी नसले तरी घरातला एक मोबाइल पुरे. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यभर पाठ्यपुस्तकांत असे कोड आणायचे ठरवले, आणि पुढे एनसीईआरटीच्या पुस्तकांतही ते आले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली.

पेपरात पुरस्काराची रक्कम गाजली. मला मोलाचा वाटतो तो क्रम. आधी पोरींची भाषा, मग पुस्तक, आणि सर्वांत शेवटी कोड. आपण नेमके उलटे करतो. यंत्र आधी आणतो आणि मग त्याला काम शोधत बसतो.

शेतीशाळेकडून घ्यायचा धडा

मग शिक्षकाने हे शिकायचे कुठे? इथे आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. शेतीशाळा तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. तिचे मूळ इंडोनेशियातले. तिथे भातावर तुडतुड्याने थैमान घातले होते. औषधे जितकी मारावीत तितका तुडतुडा वाढत होता, कारण त्याला खाणारे कोळी आणि मित्रकीटकच औषधाने मरत होते. १९८६ मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकरी शहाणा होत नाही. म्हणून १९८९ मध्ये शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीस-तीस शेतकरी, हंगामभर दर आठवड्याला एकदा, बैठक खोलीत नव्हे तर उभ्या पिकात. चुडात हात घालून शत्रू किती, मित्र किती हे मोजायचे, कागदावर चित्र काढायचे, आपसात बोलायचे आणि फवारणी करायची की नाही हे स्वतः ठरवायचे. प्रशिक्षक भाषण देत नाही, तो प्रश्न विचारतो.

याच्याशी आपल्या शिक्षकांची प्रशिक्षणे ताडून पाहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी. चांगलीच गोष्ट आहे. पण हे तास सभागृहात बसून, नाही तर मोबाइलवर व्हिडिओ पुढे ढकलून भरले, तर ते आमच्या मेळाव्यासारखे होते. भाषण, चहा, हजेरी आणि आपापल्या घरी. तेच तास चार शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून घालवले, तर ती शेतीशाळा होते. पीक म्हणजे वर्गातली पोरे. ती समोर असल्याशिवाय निदान व्हायचे कसे?

केरळने हा मार्ग बराच आधी धरला. २००१ मध्ये तिथे 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा उपक्रम सुरू झाला, पुढे २०१७ मध्ये त्याची 'काइट' नावाची सरकारी कंपनी झाली. तिथे शिकवणारे बाहेरून भाड्याने आणले नाहीत, शाळांतल्याच शिक्षकांतून तयार केले. प्रत्येक हायस्कूलमध्ये एका शिक्षकावर या कामाची जबाबदारी दिली. २०१८ पासून मुलांचेही गट उभे केले. यंत्र बिघडले, अडले, तर विचारायला माणूस शाळेतच हजर.

आमच्या बाईंनी काय केले

त्या बैठकीनंतर बाईंनी संचाला हात लावला नाही. मला वाटले, रागावल्या. तसे नव्हते. त्यांनी आधी तिसरीतली दोन-चार पोरे वाचनात का अडखळतात ते पाहिले. पोरे एकमेकांच्या देखत मोठ्याने वाचायला लाजतात, आणि आपण कुठे चुकलो ते त्यांना कळत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी स्वतःचा मोबाइल घेतला. एका पोराला बाजूला बसवायचे, पाच ओळी वाचायला लावायच्या, आवाज टिपायचा आणि त्यालाच ऐकवायचा. बस्स, एवढेच.

एका ऊसतोड कुटुंबातला मुलगा होता. हंगामात शाळा सुटायची, म्हणून वाचन कच्चे. स्वतःचा आवाज ऐकून तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, "बाई, पुसा हे. परत घ्या." बाईंनी पाच वेळा परत घेतले. पाचव्या वेळी पोरगा जोडाक्षरावर थांबला नाही. मी त्या दिवशी तिथे होतो म्हणून सांगतो. लाखभराच्या संचाने जे केले नव्हते ते खिशातल्या मोबाइलने केले, कारण त्याला काय काम द्यायचे हे बाईंना ठाऊक होते.

पुढच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांनी हे सांगितले. सांगून भागत नाही हे त्यांनाही माहीत, म्हणून शेजारच्या शाळेच्या गुरुजींना वर्गात येऊन बसायला सांगितले. गुरुजी आले, मागे बसले. त्यांनीच सुचवले की हे आवाज आईबापांना ऐकवले तर? मग पालक सभेत ऐकवले. कधी शाळेकडे न फिरकणारा एक बाप दोन वेळा ऐकून गेला.

त्यानंतर बाई म्हणाल्या, "आता ती खोली उघडा. पावसाचं चक्र अन् नकाशा दाखवायला मला मोठा पडदा पाहिजे." ग्रामपंचायतीने बॅटरी घेतली, तांदळाची पोती दुसरीकडे हलवली. आज तो संच आठवड्यातून दोन-तीन तासच चालतो. पण तो पाहुण्यांसाठी नव्हे, पोरांसाठी चालतो.

पुढे चालणाऱ्या शिक्षकाने काय शिकावे

यातून मला जे दिसले ते थोडक्यात मांडतो. गुरुजनांनी राग मानू नये, मीही शिकाऊच आहे.

पहिले, अडचण नेमकी ओळखावी. 'मुले कच्ची आहेत' हे निदान नव्हे. 'पीक पिवळे पडले' म्हटल्यावर आम्ही औषध देत नाही, मूळ उपटून पाहतो. नत्र कमी, पाणी जास्त की हुमणी, ते आधी ठरते. तसेच वर्गाचे.

दुसरे, आधी छोट्या वाफ्यावर करून पाहावे. एक वर्ग, एक पाठ, पंधरा दिवस. आधी काय होते, नंतर काय झाले, हे वहीत लिहावे. फरक नसेल तर बिनधास्त सोडून द्यावे.

तिसरे, वीज गेली, रेंज गेली तर पुढचा अर्धा तास काय घ्यायचे हे ठरवूनच वर्गात जावे. खडू-फळा सोडून चालत नाही.

चौथे, शेजारच्या शिक्षकाच्या हातात यंत्र द्यावे. आपणच भराभर करून दाखवले की बघणारा टाळ्या वाजवतो, शिकत मात्र नाही. त्याला चुकू द्यावे. 'मला येत नाही' हे म्हणण्याची लाज वाटू नये असे वातावरण ठेवणे, हीच खरी पुढारपणाची कसोटी.

पाचवे, यंत्र कुठे नको हेही ठामपणे सांगावे. बी रुजते ते परसात दाखवता येत असताना पडद्यावर कशाला? २०२० मध्ये शाळा बंद असताना पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर 'बोलकी शाळा' या नावाने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. भोंगा ही काही नवी वस्तू नव्हे. पण तिथे घरोघर मोबाइल नव्हते, मुले होती, मोकळी जागा होती. जागा ओळखून साधन निवडणे ही अक्कल विकत मिळत नाही.

गावाने काय करावे

आता माझे म्हणणे सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि पालकांना. सगळे शिक्षकावर ढकलून आपण मोकळे, असे चालायचे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. शाळेचा विकास आराखडा करणे हे त्या समितीचे काम आहे. नुसत्या सह्या करायला ती नेमलेली नाही.

कोणताही संच घेण्याआधी पाच प्रश्न विचारा. हा कोणत्या इयत्तेच्या कोणत्या अडचणीसाठी? चालवणार कोण, आणि त्यांची बदली झाली तर दुसरे कोण? शाळेच्या वेळेत वीज असते का? बिल कोण भरणार? बिघडले तर दुरुस्ती कोण, किती दिवसांत करणार? यातल्या दोन प्रश्नांना जरी उत्तर नसेल तरी खरेदी थांबवा. नाकापेक्षा मोती जड घेऊन मिरवण्यात शहाणपण नाही. आणि पैसे बाजूला काढायचेच तर सगळे यंत्रात घालू नका. थोडे बॅटरीसाठी, थोडे दुरुस्तीसाठी, थोडे शिक्षकांना चांगली शाळा पाहून येण्याच्या प्रवासासाठी ठेवा. आपण नाही का शिवारफेरीला जात?

बदलीचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. एक शिक्षक राबतो, शाळा उभी करतो, बदली होते आणि मागे संचाला गंज चढतो. त्याला इलाज एकच. एकाच्या डोक्यात असलेली गोष्ट तिघांच्या हातात उतरवणे. आमच्या शाळेत आता दुसरे गुरुजी संच चालवतात, चौथीच्या दोन मुली जोडणी करतात आणि सगळी कृती एका वहीत मराठीत लिहून भिंतीला टांगली आहे.

आणखी एक. शिक्षकाचा मोबाइल आज शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यात जास्त झिजतो. फोटो पाठवा, तक्ता भरा, लिंक उघडा. आम्हा कृषीवाल्यांचेही तेच दुखणे आहे, म्हणून कळवळून सांगतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांशिवाय शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे तोच कायदा म्हणतो. गावपातळीवर निदान आपण तरी त्यांना दाखल्या-यादीच्या कामात ओढू नये.

आणि घरातल्या मोबाइलचे काय? तोही गावाचाच प्रश्न. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले, की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, दीड तास पोरांचा अभ्यास. यंत्र कधी लावायचे हे शिक्षक ठरवील, कधी मिटायचे हे गावाने ठरवले. दोन्ही निर्णय माणसाच्या हाती राहिले पाहिजेत.

आमच्या बाईंची बदली आज ना उद्या होणारच. त्या दिवशी खोलीला पुन्हा कुलूप लागले तर दोष त्यांचा नसेल, आमच्या समितीचा असेल. तुमच्याही शाळेत अशी एखादी खोली असेल. येत्या बैठकीत ती उघडायला लावा. पण मी चढवला तसा आवाज चढवू नका. गुरुजींना, बाईंना शेजारी बसवून एवढेच विचारा, "तुमचं घोडं कुठं अडलंय, आणि आम्ही काय करू?" आणि त्या काय सांगतात ते वहीत लिहून घ्या. पुढच्या बैठकीला त्यातले एक तरी काम झालेले असू द्या.